शुल्क परत आलं तर ते पैसे कुणाचे?

आज जी गोष्ट सांगणार आहोत ती अजून पुरी झालेली नाही. पण गेल्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत तीन गटांनी याबद्दल विचारलं, म्हणून जेवढं घडलंय तेवढं सांगतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गटाच्या फोनवर न्यू जर्सीहून एक निरोप आला. आमच्या गिऱ्हाईक ताईंचा. ‘बातमी ऐकली का? इथल्या सुप्रीम कोर्टाने ते शुल्क बेकायदा ठरवलं. नाताळच्या पार्सलवर मी दोन हजार रुपये शुल्क दिलं होतं. ते परत मिळेल का?’

साधा प्रश्न. पण उत्तर द्यायला आम्हाला पाच बैठका लागल्या, आणि त्यातल्या दोन तर भांडणातच गेल्या.

आधी आमच्याबद्दल दोन शब्द. आमचा बचत गट वसई तालुक्याच्या पूर्वेकडचा, पारोळ-भाताण्याच्या बाजूचा. बारा जणी आहोत. निम्म्या घरांत वारली चित्रं आधीपासून काढली जातात. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांच्या हातचं हे काम. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरून विचारणा वाढली. आम्ही कापडावर काढतो. टेबलावर अंथरायची लांब पट्टी आणि ताटाखाली ठेवायचे सहा चौकोन असा एक संच. किंमत चार हजार रुपये. आमची बरीचशी गिऱ्हाइकं वसईचीच, फक्त राहतात लांब. नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव या पश्चिम पट्ट्यातली पुष्कळ कुटुंबं परदेशात आहेत. सुट्टीत गावी आली की आमच्या स्टॉलवर येतात आणि मग तिकडून मागणी पाठवतात. परदेशी माल पाठवायला लागतो तो आयात-निर्यात कोड आम्ही काढलेला आहे. फी पाचशे रुपये. ज्यांनी काढला नसेल त्यांनी घाबरू नये, तेवढं काही अवघड नाही.

आता आयात शुल्क म्हणजे काय ते बघू. आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या बायकांना दहिसरचा नाका आठवत असेल. वसईतून माल भरून टेम्पो मुंबईत निघाला की नाक्यावर थांबायचा, जकात भरायची, मग पुढे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. आयात शुल्क ही देशाच्या वेशीवरची जकात समजा. माल ज्या देशात शिरतो तो देश ती घेतो, आणि जो माल आत नेतो त्याच्याकडून घेतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. टीव्हीवर ‘भारतावर पन्नास टक्के शुल्क’ असं आलं तेव्हा आमच्या एका काकींनी विचारलं, ‘म्हणजे आपलं सरकार त्यांच्या सरकारला पैसे देतं का?’ तसं नाही. पैसे भरतो तो तिकडचा माल मागवणारा. तो मग ते दुकानदाराकडून वसूल करतो, दुकानदार गिऱ्हाइकाकडून. नाहीतर तो इकडच्या कारागिराला सांगतो, ‘तुम्ही भाव पाडा, नाहीतर मी माल घेत नाही.’ म्हणजे पावतीवर नाव एकाचं असतं आणि भार दुसऱ्याच्याच खांद्यावर असतो. आजची सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी आहे, म्हणून ते ध्यानात ठेवा.

अमेरिकेने भारतातून येणाऱ्या मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. झाले पन्नास. त्याआधी आमच्यासारख्यांना एक मोठी सवलत होती. आठशे डॉलरपर्यंतच्या लहान पार्सलवर तिकडे शुल्कच नव्हतं. चार हजारांचा आमचा संच म्हणजे पन्नास डॉलरसुद्धा नाही, तो बिनशुल्क जायचा. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला सगळ्या जगासाठी बंद झाली. आता हे शुल्क गोळा कोण करणार आणि तिकडे पोचवणार कसं, याची घडी बसेना म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बहुतेक टपाल घेणं थांबवलं. पुढे काही दिवसांनी सगळंच बंद झालं.

आमची दिवाळीची पाच तोरणं तयार होती. ती राहिली. पैसे परत केले. खाजगी कुरियरचा खर्च तोरणाच्या किमतीपेक्षा जास्त सांगितला होता, त्यामुळे तो विचारच सोडून दिला.

१५ ऑक्टोबर २०२५ ला टपाल पुन्हा सुरू झालं, ऐन दिवाळीच्या तोंडावर. म्हणजे दिवाळीला उशीर आणि नाताळला वेळेत. पण पद्धत नवी होती. पार्सलवर लिहिलेल्या किमतीच्या पन्नास टक्के शुल्क पोस्टातच, पार्सल देताना भरायचं. पोस्ट ते अमेरिकेच्या कस्टम्सने मान्यता दिलेल्या मध्यस्थ संस्थेकडे देणार, ती संस्था तिकडे भरणार. पूर्वी पोस्टमन दारात आल्यावर शुल्क मागायचा, आता ते पाठवणाऱ्याने आधीच भरायचं. त्यामुळे शुल्काची पावती आली आमच्या गटाच्या नावावर.

एक गोष्ट सांगून टाकतो, कारण हा प्रश्न येणारच. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूला शुल्क माफ आहे. वसईतल्या काही आयांनी आमच्याकडून रोख देऊन संच घेतले आणि आपल्या मुलीला, सुनेला स्वतः भेट म्हणून पाठवले. ते सरळ आहे, त्यात काही वावगं नाही. पण गिऱ्हाइकाने तिकडून मागणी दिली, पैसे आमच्या खात्यात पाठवले आणि आम्ही पार्सलवर ‘भेट’ लिहिलं, तर ते खोटं. आमच्या मावशी म्हणाल्याच होत्या, ‘दोनशे रुपये किंमत लिहा की, कोण बघतंय?’ कमी किंमत लिहिली तर तो गुन्हा आहेच. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाईही दोनशेच्याच हिशेबाने मागावी लागेल. आज तर आम्ही म्हणतो, बरं झालं खरी किंमत लिहिली. परतावा मागताना तोच आकडा हातात आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही अकरा पार्सलं पाठवली. प्रत्येकी चार हजारांचा संच, प्रत्येकी दोन हजार शुल्क. एकूण शुल्क बावीस हजार रुपये. टपालखर्च वेगळा.

आता तिकडे काय चाललं होतं ते सांगतो. हे शुल्क तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी १९७७ च्या एका कायद्याचा आधार घेऊन लावलं होतं. तो कायदा आणीबाणीच्या काळात परदेशांशी होणारे आर्थिक व्यवहार रोखण्यासाठी केलेला. त्यात शुल्क हा शब्दच नाही. मोठमोठ्या कंपन्या गप्प बसल्या होत्या. कोर्टात गेले ते आधी छोटे धंदेवाले. इलिनॉय राज्यातली मुलांची शैक्षणिक खेळणी करणारी ‘लर्निंग रिसोर्सेस’ ही एका कुटुंबाची कंपनी. न्यूयॉर्कमधली वाइन मागवणारी ‘व्हीओएस सिलेक्शन्स’. आणि आम्हाला विशेष वाटली ती व्हरमाँट राज्यातली ‘टेरी प्रिसिजन सायकलिंग’, बायकांसाठी सायकल चालवायचे कपडे करणारी. त्यांचं म्हणणं असं, की कर लावायचा अधिकार संसदेचा आहे, एकट्या राष्ट्राध्यक्षांचा नाही.

२८ मे २०२५ ला तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने छोट्यांच्या बाजूने निकाल दिला. २९ ऑगस्टला वरच्या कोर्टाने तो उचलून धरला, पण सुप्रीम कोर्टाचा निर्णय होईपर्यंत वसुली चालूच राहिली. ५ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली. आम्ही त्याच सुमाराला पोस्टाच्या खिडकीवर पैसे मोजत होतो! २० फेब्रुवारी २०२६ ला निकाल लागला. नऊपैकी सहा न्यायाधीश म्हणाले, त्या कायद्याने शुल्क लावता येत नाही. त्याच दिवशी तिथल्या सरकारने दुसऱ्या एका कायद्याखाली नवं शुल्क जाहीर केलं, त्यामुळे शुल्क संपलं असं कुणी समजू नये. पण आधी जे घेतलं होतं ते बेकायदा ठरलं. ते पैसे परत कसे करायचे याबद्दल मात्र सुप्रीम कोर्टाने निकालात काही सांगितलं नाही. ते काम खालच्या व्यापार न्यायालयाकडे गेलं.

न्यू जर्सीच्या ताईंचा निरोप यानंतरचा.

गुरुवारच्या बैठकीत आम्ही तो वाचून दाखवला. हजेरी, बचत, कर्जफेड झाल्यावर शेवटचा विषय म्हणून घेतला होता. पाच मिनिटांत आटपेल असं वाटलं होतं. पहिला प्रश्न सचिव ताईंनी विचारला, ‘पैसे परत आलेच तर कुणाच्या खात्यात येणार?’ उत्तर सोपं. पावती गटाच्या नावाची, तर ते आमच्याच हातात येणार. बावीस हजार! त्यावर एक जण म्हणाली, ‘मग दोन शिलाई मशीन येतील.’ दुसरी म्हणाली, ‘दिवाळीला आपण नुकसान सोसलंच ना, तेव्हा कुणी विचारलं होतं का?’ आणि खरं सांगतो, त्या क्षणी आमच्यापैकी निम्म्या जणींना ते पटलं.

मग आम्ही वही काढली. कुणी किती सोसलं ते ओळीने लिहिलं.

पाच गिऱ्हाइकांना आम्ही आधीच कळवलं होतं, संच चार हजार, शुल्क दोन हजार, टपाल वेगळं. त्यांनी ते मोजून दिलं. दोन जणी नाराज झाल्या होत्या, त्यांना म्हटलं निम्मं तुम्ही द्या, निम्मं आम्ही सोसतो. आणखी दोघी पहिल्यापासूनच्या जुन्या, त्यांच्याकडून शुल्क घेतलंच नाही, सगळं गटाने भरलं. हे नऊ झाले. यांच्याबद्दल वाद नव्हता. ज्याने सोसलं त्याचं त्याला.

वाद झाला राहिलेल्या दोघींवरून. त्यांना आम्ही शुल्काचं काही सांगितलंच नव्हतं. घाईत होतो, ‘सहा हजारांना पडेल’ एवढंच कळवलं होतं. त्यांनी सहा हजार दिले. त्यांच्या दृष्टीने संचाची किंमतच सहा हजार. मग परतावा आला तर त्यांचे चार हजार कुणाचे? ‘त्यांनी शुल्क दिलंच नाही, किंमत दिली,’ असं एका बाजूचं म्हणणं. ‘आणि त्यांना माहीतही नाही. त्या मागणार नाहीत.’ हे शेवटचं वाक्य मात्र बऱ्याच जणींना खटकलं.

तेव्हा आम्ही एका ओळखीच्या वकील ताईंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. अमेरिकेचा कायदा तिकडचा, आपला कायदा त्या पैशाला लागू नाही. पण हाच प्रश्न आपल्याकडे कधीच येऊन गेलाय, आणि आपल्या सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी तो सोडवलाय. मफतलाल इंडस्ट्रीज विरुद्ध भारत सरकार, १९ डिसेंबर १९९६. मफतलाल हे नाव आपल्या आयांना शाळेच्या गणवेशाच्या कापडामुळे ठाऊक असेल. त्या काळात अनेक कारखानदार कोर्टात जाऊन म्हणायचे, सरकारने आमच्याकडून उत्पादन शुल्क चुकीचं घेतलं, परत द्या. शुल्क चुकीचं घेतलेलं असायचंही. पण कारखानदाराने ते आधीच कापडाच्या भावात घालून गिऱ्हाइकाकडून वसूल केलेलं. मग सरकारने परत दिलं तर ते जाणार कुणाच्या खिशात? एकदा गिऱ्हाइकाकडून घेतलं, दुसऱ्यांदा सरकारकडून. कोर्ट म्हणालं, ज्याने भार पुढे ढकलला त्याला परतावा नाही. खरा भार ज्याने सोसला, त्यालाच मागण्याचा हक्क.

याच तत्त्वावर आपल्या सीमाशुल्क कायद्यात १९९१ मध्ये बदल झालेले आहेत. त्याचं कलम २७ परताव्याचं. शुल्क ज्याने भरलं तो अर्ज करू शकतो, आणि ज्याने ते सोसलं तोही करू शकतो, म्हणजे माल विकत घेणारं गिऱ्हाईकसुद्धा. मुदत एक वर्ष. भरणाऱ्याला भरल्या दिवसापासून, गिऱ्हाइकाला खरेदीच्या दिवसापासून. शंभर रुपयांपेक्षा कमी रकमेचा परतावा मिळत नाही. व्यापाऱ्याला आपल्या नावावर पैसे हवे असतील तर त्याने दाखवून द्यायचं, की हा भार मी गिऱ्हाइकावर टाकलेला नाही. ते दाखवता आलं नाही तर पैसे ग्राहक कल्याण निधीत जमा होतात.

त्यातलं आमच्या कामाचं कलम म्हणजे २८ ड. ते सांगतं, की शुल्क भरणाऱ्याने तो भार गिऱ्हाइकावरच टाकला आहे असं धरून चालायचं. नाही टाकला असं म्हणायचं असेल तर पुरावा त्याने आणायचा. म्हणजे बिलात शुल्काची ओळ वेगळी नसली, गिऱ्हाइकाला ठाऊक नसलं, तरी कायदा गिऱ्हाइकाची बाजू धरतो. आमच्या त्या दोन सहा हजारांत शुल्क होतंच की. आदल्या वर्षी तोच संच चार हजारांना विकल्याचं आमच्याच वहीत लिहिलेलं होतं. आणखी पुरावा तो काय पाहिजे?

मशीनची गोष्ट काढणारी ताई त्यावर काही बोलली नाही, पण ठरावावर सही सगळ्यांत आधी तिनेच केली. ठराव असा. बावीस हजारांपैकी सोळा हजार गिऱ्हाइकांचे, सहा हजार गटाचे. परतावा ज्या पार्सलचा येईल तो त्याच पार्सलच्या नावे लिहायचा. कमी आला तर त्याच पार्सलच्या हिश्शाप्रमाणे वाटायचा, व्याज आलं तर तेही तसंच. आलेला पैसा गटाच्या अंतर्गत कर्जासाठी एक दिवसही वापरायचा नाही. त्या दोघींना आधी कळवायचं, की तुमच्या सहा हजारांत दोन हजार शुल्क होतं. हे कळवणं जड गेलं, कारण चूक आमचीच होती. एकीने उत्तरात फक्त अंगठा पाठवला. दुसरीने लिहिलं, पैसे आले तर तुम्हीच ठेवा. आम्ही तिचा निरोप छापून वहीला लावला आणि ‘देणगी, गिऱ्हाइकाच्या मर्जीने’ असं लिहिलं. तोंडी ‘ठेवा’ म्हणण्यावर आम्ही ठेवलं नसतं.

आता परतावा मागायचा कसा? शुल्काचा पैसा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने उलटा येणार. गिऱ्हाइकाने आम्हाला दिला, आम्ही पोस्टाला, पोस्टाने मध्यस्थ संस्थेला, तिने अमेरिकेच्या कस्टम्सला. अमेरिकेचं कस्टम्स पैसे परत देतं ते ज्याच्या नावाने आयात नोंदली गेली आणि शुल्क भरलं गेलं त्याला. न्यू जर्सीच्या ताई तिथे थेट जाऊन ‘माझे दोन हजार द्या’ म्हणू शकत नाहीत, त्यांचं नाव त्या कागदावर भरणारी म्हणून नाहीच. त्यांच्यासाठी मागायचं तर आम्हीच मागायला पाहिजे, आणि आम्ही मागायचं ते आमच्या आधीच्या पायरीकडे, म्हणजे जिथे पैसे भरले तिथे. तिकडच्या मोठ्या दुकानांच्या गिऱ्हाइकांचीही हीच अडचण आहे. परतावा दुकानाला मिळतो, आणि गिऱ्हाईक दुकानाच्या तोंडाकडे बघत बसतं.

कागद जमवायला बसलो तेव्हा आमची खरी परीक्षा झाली. प्रत्येक पार्सलसाठी हे लागतं. पोस्टाची पावती, तिच्यावर पार्सलचा नंबर असतो, आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आय एन. शुल्क भरल्याचा आकडा. पार्सलवर लावलेल्या कस्टम्सच्या फॉर्मची प्रत. पोस्टाचं निर्यात बिल. आमचं गिऱ्हाइकाला दिलेलं बिल. आणि गिऱ्हाइकाचे पैसे खात्यात आल्याचं बँकेचं पान. आमच्याकडे निर्यात बिलं सगळी होती, बँकेची पानंही. पण पावत्या! त्या मशीनमधून निघणाऱ्या चकचकीत कागदाच्या असतात, ऊन लागलं की अक्षरं उडतात. आम्ही त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवल्या होत्या. अकरापैकी तीन पावत्या कोऱ्या निघाल्या. पांढरा कागद. काकी म्हणाल्या, ‘विभूती लावून बघा, अक्षरं उमटतील.’ हसू आलं, पण डोळ्यांत पाणीही आलं.

त्या तीन नंबरांचा शोध शेवटी फोनमध्ये लागला. पार्सल टाकलं की गिऱ्हाइकाला पावतीचा फोटो पाठवायची सवय आमच्यातल्या सगळ्यात लहान सुनेला होती, तिने तो पाठवला होता आणि पुसला नव्हता. तेव्हापासून नियम केला, पावती हातात आली की तिथेच उभं राहून फोटो आणि घरी आल्यावर साधी झेरॉक्स. मूळ पावती वहीच्या आत, उन्हात नाही. आणि तिच्यावर टेप चिकटवायची नाही. टेपनेही अक्षरं जातात, हे आम्ही एका पावतीवर करून बघितलंय.

अर्ज आम्ही मार्चमध्ये दिला. एकच मोठा अर्ज न करता प्रत्येक पार्सलचा वेगळा केला, म्हणजे एक अडला तर बाकीचे दहा अडायला नकोत. मजकूर साधा. अमुक तारखेला अमुक नंबरच्या पार्सलवर इतकं शुल्क भरलं. ते ज्या कायद्याखाली घेतलं तो आधार २० फेब्रुवारी २०२६ च्या निकालाने गेला. ही रक्कम परत मिळण्याजोगी असेल तेव्हा आमच्या या खात्यात जमा करावी. ती अमुक गिऱ्हाइकाने सोसली आहे, त्यांची संमती सोबत आहे. मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहिलं, कारण कागद पुढे कुठे कुठे जाईल सांगता येत नाही. प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. अर्ज देताना काउंटरवर ‘याचं काही कळवलेलं नाही’ असं ऐकायला मिळालं. साहजिक आहे, त्यांनाही वरून कागद यायला पाहिजे. आम्ही म्हटलं, काही हरकत नाही, तुम्ही नुसती पोच द्या.

काय मागता येत नाही तेही सांगतो. टपालखर्च परत मिळत नाही, ती सेवा आपण घेतली. डिसेंबरमध्ये पार्सल पोचलं, गिऱ्हाइकाने संच वापरला, म्हणून शुल्काचा हक्क जात नाही. माल चांगला होता की वाईट याचा शुल्काशी संबंध नाही. आणि गिऱ्हाइकाला तारखेचं वचन देऊ नका. आम्ही सगळ्यांना एकच मजकूर पाठवला, ‘अर्ज दिला आहे, पैसे आले तर तुमच्या इथल्या एनआरओ खात्यात परत करू, कधी येतील ते आमच्या हातात नाही.’ काही गट गिऱ्हाईक राखण्यासाठी स्वतःच्या खिशातून आधीच परत देऊ म्हणतात. आमचं मत विचाराल तर तसं करू नये. गटाचा पैसा म्हणजे बारा जणींच्या बचतीचा पैसा. तो न आलेल्या रकमेच्या भरवशावर वाटायचा नसतो.

आणि जरा सावध राहा. अर्ज दिल्यावर पंधरा दिवसांत आमच्या फोनवर निरोप आला, ‘तुमचा टॅरिफ रिफंड मंजूर, खालच्या लिंकवर बँकेचा तपशील भरा.’ आमच्या अर्जाची माहिती कुणाला मिळाली असं नव्हे, असे निरोप ते हजारोंना पाठवतात, त्यात अर्ज केलेली एखादी सापडते. परतावा मिळवायला ओटीपी लागत नाही, आधी फी भरावी लागत नाही. कुणी फसलंच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा. लाजू नका, जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

एवढा खटाटोप दोन-दोन हजारांसाठी कशाला, असं घरच्यांनी आम्हाला विचारलं. बरोबर आहे, एकेका गिऱ्हाइकाचा आकडा लहान आहे. अमेरिकेत डॉलरमध्ये तर एका जेवणाचे पैसे. पण आमच्या बाजूने बघा. वसईत बसून आम्ही त्यांना सांगितलं होतं, की शुल्क सरकार घेतं, आम्ही नाही. आज सरकारने परत दिलं आणि ते आमच्या खात्यात राहिलं, तर ते शुल्क आम्हीच घेतलं असं होईल.

परवा न्यू जर्सीच्या ताईंचा पुन्हा निरोप आला. पैशाबद्दल विचारलं. आम्ही कळवलं, अजून आले नाहीत, पोच आहे, परताव्याच्या वहीत तुमचं नाव तिसऱ्या ओळीवर आहे. वहीच्या त्या पानाचा फोटोही पाठवला. त्यांनी यंदाच्या नाताळसाठी दोन संच सांगितलेत, एक स्वतःला, एक शेजारणीला. बिल कालच केलं. संचाची ओळ वेगळी, टपालाची वेगळी, शुल्काची वेगळी. शुल्काच्या ओळीपुढे आकडा अजून घातलेला नाही, पार्सल टाकायच्या दिवशी पोस्टात जो दर सांगतील तो तिथे लिहायचा आहे.